एक पाणथळ, एक वही: स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला कशी सुरुवात करावी

जानेवारीतल्या रविवारी उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला जाऊन आलेली मंडळी सोमवारी हमखास विचारतात, "या वर्षी रोहित का आले नाहीत?" कुणी म्हणतं हवामान बदललं, कुणी म्हणतं प्रदूषण वाढलं. उत्तर बहुतेक वेळा धरणाच्या टक्केवारीत असतं. पाऊस चांगला झाला आणि उजनी काठोकाठ भरली, की जानेवारीतही पाणी उथळ काठांवर कंबरभर उभं असतं. रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, पाय टेकवून चोचीने गाळ चाळायला उथळ पाणी लागतं. शेतीची आवर्तनं सुटतात, नदीत पाणी सोडलं जातं, पाणी मागे सरकतं, गाळ उघडा पडतो आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये थवे उतरतात.

हे कळायला मला तीन हिवाळे लागले. त्या तीन वर्षांच्या वह्यांत पक्ष्यांचे आकडे भरपूर आहेत, पण त्या दिवशी पाणी किती होतं हे एकाही पानावर नाही. त्यामुळे त्या आकड्यांवरून आज काहीच सांगता येत नाही. तुमची तीन वर्षं अशी जाऊ नयेत म्हणून हा लेख. उदाहरणं मुख्यतः उजनीची आहेत, कारण ते पाणी मला ओळखीचं आहे. पद्धत मात्र तुमच्या गावच्या पाझर तलावालाही लागू पडते.

सुरू करण्याआधी: "स्थलांतर" म्हणजे नेमकं कोण कुठून कुठे?

नवख्या माणसाच्या डोक्यात एकच चित्र असतं: थंडीत सायबेरियातून येणारे पक्षी. खरं तर आपल्याकडे निदान चार वेगवेगळी ये-जा चालते आणि त्यांची गल्लत केली की पुढचा सगळा अभ्यास चुकतो.

पहिले हिवाळी पाहुणे. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, पट्टकादंब, धोबी, भोवत्या हे सगळे मध्य आशिया, मंगोलिया, तिबेट, लडाख अशा भागांत वीण करून आपल्याकडे येतात. ज्या हवाई वाटेने ते येतात तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आपण त्या वाटेच्या दक्षिण टोकाकडे आहोत.

दुसरे पावसाळी पाहुणे. चातक आफ्रिकेतून मे-अखेरीस, जूनमध्ये आपल्याकडे पोहोचतो, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि पावसाळा सरल्यावर परततो.

तिसरे वाटसरू. युरोपियन नीलपंख सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या माळांवर काही दिवस दिसतो आणि आफ्रिकेकडे निघून जातो. नागालँडमार्गे येणारा अमूर ससाणा लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास थोडाच काळ दिसतो. त्याला गाठायचं तर बरोबर त्याच आठवड्यांत तिथे असायला हवं.

चौथे, आणि सर्वांत फसवे, देशातल्या देशात फिरणारे. रोहित कच्छच्या रणात वीण करतो आणि पाण्याच्या मागे फिरतो. चित्रबलाक इंदापुरातल्या जुन्या चिंचांवर घरटी करतो आणि चारा उजनीत शोधतो. त्याला "परदेशी पाहुणा" म्हणून वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो इथलाच आहे, इथे पिलं वाढवतो, आणि ती चिंचेची झाडं तोडली गेली तर त्याला जायला दुसरीकडे घर नाही.

लागणारं सामान आणि कागद

- दुर्बीण, ८×४२ किंवा १०×४२. हात थरथरत असतील तर ८ घ्या. १० पटीच्या मोहात पडू नका.
- खिशात मावणारी वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेन ओल्या पानावर नीट उमटत नाही.
- फोनवर ई-बर्ड (याद्या नोंदवण्यासाठी) आणि मर्लिन (पक्षी ओळखण्यासाठी) ही दोन्ही मोफत ॲप. घरून निघताना तुमच्या भागाचा पक्षीसंच उतरवून घ्या, काठावर रेंज मिळेलच असं नाही.
- पश्चिम भारताचे पक्षी असलेलं एक चित्रांचं पुस्तक.
- टोपी, पाणी, चिखलात चालतील असे बूट.
- ओळखपत्र. नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात प्रवेशाची नोंद होते.
- जिथे संशोधन म्हणून काही करणार असाल तिथे वनविभागाचं परवानगीपत्र. याबद्दल पुढे सविस्तर.

स्पॉटिंग स्कोप म्हणजे तिवईवरची मोठी दुर्बीण पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. एखाद्या पक्षिमित्र गटाबरोबर जा, त्यांच्याकडे असते. कॅमेराही पहिले सहा महिने घरी ठेवला तर उत्तम. कॅमेरा गळ्यात असला की माणूस सुंदर पक्ष्यामागे धावतो आणि मोजणी राहते.

१. एक जागा निवडा, घराजवळची

महिन्यातून दोनदा, वर्षभर जाता येईल अशी जागा हवी. पुण्यात राहणाऱ्या माणसाने "मी उजनीचा अभ्यास करतो" म्हणत वर्षातून तीन वेळा जाण्यापेक्षा पाषाण तलावावर पंचवीस वेळा जावं. गावात राहत असाल तर गावतळं, बंधारा, माळ, काहीही चालेल. जागा प्रसिद्ध असण्याची गरज नाही. प्रसिद्ध जागांच्या नोंदी आधीच खूप आहेत. तुमच्या गावच्या तळ्याची मात्र एकही नसेल, आणि तिथेच तुमची वही मोलाची ठरेल.

जागा ठरली की तिचा नकाशा हाताने काढा. उभं राहून मोजायचे तीन-चार ठरलेले बिंदू त्यावर खुणावा: पुलाचं टोक, देवळामागचा उंचवटा, पंपहाऊसजवळचा बांध. दर वेळी त्याच बिंदूंवरून, त्याच क्रमाने, साधारण त्याच वेळेला मोजा. सकाळी सूर्य पाठीशी येईल असे बिंदू निवडा. समोरून ऊन आलं तर सगळी बदकं काळीच दिसतात.

होडीतून मोजणार असाल तर दोन सूचना. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथले होडीवाले पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरांतले आहेत. पाणी कुठे उथळ, कुठला थवा कालपासून आला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना निघण्यापूर्वीच नीट सांगा की थवा उडवायचा नाही, लांबूनच मोजायचं आहे. पर्यटकांना उडत्या रोहितांचा फोटो हवा असतो म्हणून होडी जवळ नेण्याची सवय पडलेली असते. आणि लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय होडी काठावरून हलू देऊ नका. उजनीचं पाणी दुपारनंतर वाऱ्याने अचानक खवळतं. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

२. हंगाम ऑगस्टमध्येच सुरू करा

ही चूक सगळे करतात. दिवाळी झाली, थंडी पडली की पक्षी बघायला निघायचं. तोवर निम्मी गोष्ट घडून गेलेली असते. करडा धोबी ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला ओढ्याकाठी शेपटी हलवताना दिसायला लागतो. छोटे टिलवे, तुतवार हे चिखलपक्षी सप्टेंबरात आलेले असतात. भुवईवर पांढरी पट्टी असलेलं गार्गनी बदक बाकी बदकांच्या आधी येतं. भोरड्या म्हणजे पळस मैनाही पावसाळा संपायच्या आत येतात आणि पुढे सोलापूर-नगरकडच्या ज्वारीच्या रानांवर त्यांचे ढगासारखे थवे फिरतात. पट्टकादंब मात्र नोव्हेंबर-डिसेंबरच्या आधी दिसत नाही.

जाण्याचा काळही तितकाच महत्त्वाचा, आणि त्याच्या नोंदी तर फारच थोड्या आहेत. मार्चमध्ये ऊन वाढलं की पक्षी बघणारे घरी बसतात. त्यामुळे "पहिला धोबी कधी दिसला" हे शंभर जण सांगतात, "शेवटचा कधी दिसला" हे सांगणारे दोन. तुम्ही एप्रिल-मेमध्ये जात राहिलात तर केवळ तेवढ्याने तुमच्या नोंदी वेगळ्या ठरतील.

३. आधी पंधरा पक्षी पक्के करा

भारतात तेराशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. ते सगळे ओळखायची घाई करू नका. तुमच्या जागेवर नेहमी दिसणारे पंधरा निवडा, त्यातले पाच-सहा स्थानिक असू द्या. शेकाट्या, वारकरी, चित्रबलाक हे वर्षभर दिसणारे पक्षी आधी ओळखता आले की पाहुणा आपोआप वेगळा उठून दिसतो.

गल्लत होणाऱ्या जोड्या सांगते.

धोबी. गावातल्या विहिरीवर दिसणारा, काळी पाठ आणि पांढरी ठळक भुवई असलेला मोठा धोबी बारमाही इथलाच. पिवळा, करडा आणि पांढरा धोबी हे पाहुणे. "धोबी आले" असं लिहिताना कोणता, हे लिहिलंच पाहिजे.

रोहित. मोठा रोहित उंच, चोच गुलाबी, टोक काळं. छोटा रोहित ठेंगणा, चोच गडद लालसर-काळी. उजनीवर मुख्यतः मोठे असतात, ठाणे खाडीत छोट्यांची संख्या जास्त. थव्यातले मळकट करडे पक्षी ही वेगळी जात नव्हे, ती पिलं. त्यांची संख्या वेगळी लिहा. आदल्या हंगामात वीण कशी झाली याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.

बदकं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर अजून आपल्या ठेवणीतल्या रंगात आलेले नसतात, सगळे मादीसारखे तपकिरी दिसतात. तेव्हा रंग सोडून चोचीचा आकार आणि उडताना पंखावर दिसणारी पट्टी बघा. थापट्याची फावड्यासारखी चोच कोणत्याही महिन्यात ओळखता येते.

ओळख पटली नाही तर "टिलवा, जात माहीत नाही" असं लिहा. याची लाज वाटण्याचं कारण नाही. चुकीचं नाव लिहिलेली नोंद पुढच्या दहा वर्षांच्या हिशेबात घाण करून ठेवते, "माहीत नाही" करत नाही. ॲपने फोटोवरून सुचवलेलं नाव हा एक अंदाज आहे. तो पक्षी तुमच्या भागात, त्या महिन्यात सापडतो का हे पडताळल्याशिवाय स्वीकारू नका.

४. मोजायला शिका

"खूप", "असंख्य", "हजारो" हे शब्द वहीतून काढून टाका. थवा मोजण्याची युक्ती सोपी आहे. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी नीट मोजा. ते दहा केवढी जागा व्यापतात ते नजरेत ठेवा. आता तेवढेच तुकडे थव्यावर टाकत जा: दहा, वीस, तीस. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा करा. डावीकडून उजवीकडे एकदाच जा, मागे फिरू नका.

याचा सराव घरी होतो. ताटात मूठभर ज्वारी पसरा, पाच सेकंद बघा, अंदाज लिहा, मग दाणे मोजा. सुरुवातीला बहुतेकांचा अंदाज कमी पडतो, निम्म्यावरही येतो. पंधरा दिवसांत नजर बसते.

मिश्र थवा असेल तर आधी एकूण आकडा घ्या. मग दुर्बिणीतून कुठलेही शंभर पक्षी जातवार मोजा आणि त्या प्रमाणात एकूण वाटून टाका. बिंदू बदलताना एखादा थवा तुमच्या डोक्यावरून पुढच्या बिंदूकडे गेला तर तो पुन्हा मोजू नका. वहीत बाण काढून ठेवला की लक्षात राहतं.

कुरवांची, म्हणजे गल पक्ष्यांची, मोजणी होडीजवळ करूच नका. पर्यटक त्यांना शेव-गाठ्या टाकतात आणि सगळ्या पाण्यावरचे कुरव होडीभोवती गोळा होतात. तो आकडा फरसाणाचा असतो. कुरवांना असलं खाणं घालणं त्यांच्यासाठीही वाईट, तुम्ही तरी टाकू नका.

५. यादी पूर्ण लिहा, आणि न दिसलेलंही

ई-बर्डवर यादी पाठवताना शेवटी विचारलं जातं की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले आहेत का. या एका प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. कावळा, साळुंकी, कबुतर सोडून फक्त "चांगले" पक्षी लिहिले असतील तर उत्तर "नाही" द्या. सगळे लिहिले असतील तरच "हो". पूर्ण यादीत जो पक्षी नाही तो तुम्हाला तिथे आढळला नाही असा अर्थ निघतो. अपुऱ्या यादीतून काहीच निघत नाही.

प्रत्येक यादीत तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं आणि किती अंतर चाललात हे हवंच. निदान पंधरा मिनिटांची यादी करा. मी एका यादीत दोन किलोमीटरच्या पुढे जात नाही. सकाळभर फिरून एकच लांबलचक यादी केली तर कोणता पक्षी गाळावर होता आणि कोणता उसात, हे पुढे कळत नाही. अर्ध्या तासाच्या चार याद्या केव्हाही बऱ्या.

स्वतःच्या वहीत मात्र तुमच्या पंधरा पक्ष्यांचा तक्ता छापून घ्या आणि न दिसलेल्यापुढे ठळक शून्य लिहा. रिकामी चौकट दोन वर्षांनी बघितली की "तेव्हा नव्हता" की "तेव्हा मी बघितलंच नाही" हे आठवत नाही. मला आठवलं नाही.

६. पाण्याची, गाळाची, पिकाची नोंद

बदलत्या पर्यावरणात पक्षी कसे हलतात हे समजून घ्यायचं असेल तर हा टप्पा सोडून चालणार नाही. पक्षी मोजणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या पायाखालची जमीन मोजणारे फार थोडे.

दर फेरीला एवढं लिहा: पाणीसाठ्याची टक्केवारी, उघडा गाळ किती पट्टा (पावलांनी मोजा), त्यावर काय चाललंय, जलपर्णी कुठवर आली, वारा, ढग, आदल्या आठवड्यात पाऊस.

धरणांचा साठा जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो, वर्तमानपत्रातही येतो. उजनीच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्केवारी फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची देतात. म्हणून "उजनी शून्यावर" याचा अर्थ धरण कोरडं असा होत नाही, निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असतं. त्या मृतसाठ्यातलं पाणी कमी होऊ लागलं की मग ती "मायनसमध्ये" जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नासच्याही खाली गेली होती. वहीत वजा चिन्ह विसरलात तर सगळा अर्थ उलटा होतो.

पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. म्हणजे नुसतं "पाणी उतरलं" एवढं लिहून भागत नाही. तोच पट्टा चिखल म्हणून पडून राहिला तर तिथे टिलवे आणि लांब चोचीचे गॉडविट उतरतात. नांगरून पेरला तर धोबी आणि बगळे येतात, आणि पीक उभं राहिलं की चिखलपक्ष्यांना तिथे जागाच उरत नाही. गाळपेर करणारा शेतकरी चुकतो आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची गावं धरणात गेली त्यांचीही घरं याच काठावर आहेत. तुम्ही फक्त लिहा: कोणत्या तारखेला कोणता पट्टा नांगरला गेला.

पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीतच येतं. पाण्याचा हिरवेपणा, फेस, वास, मेलेले मासे, जे दिसेल ते नोंदवा. मासेमाऱ्यांना विचारा: जाळ्यात चिलापीशिवाय दुसरं काय येतं? मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदींना त्या उत्तराची जोड लागते.

संगणकाची सवय असेल तर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत बघता येतात. साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र, एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. तळ्याचा काठ किती सरकला हे त्यात स्वच्छ दिसतं. पावसाळ्यात ढगांमुळे काही मिळत नाही, तेव्हा पावलंच खरी. २०१५ पासूनची चित्रं आहेत, म्हणजे तुम्ही आज सुरुवात केलीत तरी मागच्या वर्षांचं पाणी तुम्हाला बघता येईल. मागच्या वर्षांचे पक्षी मात्र मिळणार नाहीत.

७. "या वर्षी लवकर आले" म्हणण्याची घाई नको

समजा गेल्या वर्षी पहिला करडा धोबी तुम्हाला १२ सप्टेंबरला दिसला, या वर्षी ४ सप्टेंबरला. आठ दिवस लवकर? गेल्या वर्षी तुम्ही १२ तारखेआधी शेवटचे कधी गेला होता ते बघा. २५ ऑगस्टला गेला असाल, तर तो २६ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर यांतल्या कोणत्याही दिवशी आलेला असू शकतो. तुमच्या हाती तारीख नाहीच, अठरा दिवसांची फट आहे.

म्हणून आगमनाच्या नोंदीत नेहमी दोन तारखा लिहा: "शेवटचा दिसला नाही तो दिवस" आणि "पहिल्यांदा दिसला तो दिवस". ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठवड्यातून दोनदा गेलात तर ही फट तीन-चार दिवसांवर येते आणि मग तुलना करायला अर्थ राहतो.

याहून भक्कम पद्धत म्हणजे याद्यांची टक्केवारी. ऑक्टोबरमध्ये बारा पूर्ण याद्या केल्या, त्यांपैकी तीनमध्ये तलवार बदक होतं, तर २५ टक्के. पुढच्या ऑक्टोबरमध्ये वीस याद्या केल्या आणि पाचमध्ये होतं, तरी २५ टक्केच. पाच वेळा दिसलं म्हणून वाढलं असं होत नाही. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल याच तत्त्वावर उभा आहे. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींतून ९४२ जातींचा हिशेब त्यात मांडला आहे. लांबून येणारे स्थलांतरित पक्षी बारमाही पक्ष्यांपेक्षा जास्त घटले आहेत, हे त्यातूनच पुढे आलं. त्या तीन कोटींत गावतळ्यांवरच्या अर्ध्या तासाच्या याद्याही आहेत.

८. पायात कडं किंवा मानेत पट्टा दिसला तर

मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) ही संस्था, स्थापना १८८३, कित्येक दशकं पक्ष्यांच्या पायात कडी घालते आहे. सलीम अली यांनी १९५९ मध्ये या कामाला मोठं रूप दिलं. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पट्टकादंब भारतातल्या तळ्यांवर अनेकदा दिसले आहेत. ते नेमके कुठून येतात हे अशाच कुणीतरी पट्ट्यावरची अक्षरं वाचल्यामुळे कळलं.

तुम्हाला असा पक्षी दिसला तर घाईने जवळ जाऊ नका, तो उडून गेला तर अक्षरं गेली. लांबूनच जितके मिळतील तितके फोटो काढा आणि लगेच लिहा: कोणता पाय, पक्ष्याचा डावा की उजवा (तुमचा नव्हे). गुडघ्यासारखा दिसतो त्या सांध्याच्या वर की खाली. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं आणि आकडे. जे दिसलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, अंदाजाने भरू नका. मग ठिकाण आणि तारखेसह बीएनएचएसला कळवा.

कडं असलेला पक्षी मेलेला सापडला तर उघड्या हाताने उचलू नका. बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरूनच वागायचं. कड्याचा फोटो घ्या. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर त्याच दिवशी वनविभागाला आणि पशुसंवर्धन विभागाला सांगा.

९. टॅग, जाळी, ड्रोन: परवानगीशिवाय नाही

नवीन विद्यार्थी उत्साहाने विचारतात, "आपण पण जीपीएस लावूया का?" उत्साह समजतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांना पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह टॅग लावले गेले. त्यांतल्या पांगती नावाच्या ससाण्याने सुमारे ५,६०० किलोमीटर अंतर ५ दिवस १० तासांत कापलं. आपला द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून हे पक्षी आफ्रिकेत पोहोचले. २०२२ मध्ये ठाणे खाडी परिसरात टॅग लावलेले रोहित पावसाळ्यात गुजरातकडे गेलेले दिसले. असं काही वाचलं की कुणालाही आपणही करावंसं वाटेल.

पण हिशेब करा. टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवावं असा सर्वसाधारण दंडक आहे. पट्टकादंबाला साठ ग्रॅमही पेलतात. करडा धोबी अठरा-वीस ग्रॅमचा, त्याच्या वाट्याला अर्धा ग्रॅम येतो. पक्षी धरणं, जाळं लावणं, कडं घालणं यांतलं काहीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या परवानगीशिवाय करणं गुन्हा आहे. परवानगी मिळाली तरी हे काम प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवं. बेसावध पकड एका पक्ष्याचा जीव घेते.

अभयारण्यात नुसती मोजणी संशोधनासाठी करायची असेल तरी लेखी अर्ज करा. अर्जासोबत लागतं ते साधारण असं: दोन पानी प्रस्ताव (काय, कुठे, किती महिने, कोणत्या पद्धतीने), महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र, मार्गदर्शकाचं संमतीपत्र, ओळखपत्रांच्या प्रती, सोबत येणाऱ्यांची नावं. पक्ष्याला हात लावणार नाही हे प्रस्तावात स्पष्ट लिहा. हंगामाच्या चार-पाच महिने आधी अर्ज द्या. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात संस्थेच्या पत्राअभावी पडून राहिला आणि मला ते विचारायला गेल्यावर डिसेंबरात कळलं. तो हिवाळा गेला. पोच घ्या, तिचा क्रमांक लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारा.

ड्रोन तर नकोच. वरून काही आलं की थव्याला ते शिकारी पक्ष्यासारखं वाटतं. घाबरून उडालेला पक्षी पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी तिथेच खर्च करतो.

टॅग न लावताही टॅगचा अभ्यास करता येतो. मूव्हबँक या खुल्या संग्रहात जगभरच्या टॅग लावलेल्या प्राण्यांचे मार्ग ठेवलेले असतात आणि त्यांतले बरेच कुणालाही बघता येतात. एका पट्टकादंबाचा किंवा भोवत्याचा मार्ग उघडा, तो कुठे थांबला, किती दिवस थांबला ते बघा. त्यात तुमच्या भागासारखी जागा दिसली की आपल्या तळ्याकडे बघायची नजर बदलते.

१०. नोंदी कपाटात ठेवू नका

महिन्याच्या शेवटी वही तक्त्यात उतरवा. एक ओळ म्हणजे एका फेरीतला एक पक्षी. रकाने: तारीख, बिंदू, पक्षी, संख्या, पाणीसाठा, गाळाचा पट्टा, शेरा. एका चौकटीत एकच गोष्ट. "५०-६० (पिलं धरून)" असं लिहिलं की संगणकाला त्यातलं काही कळत नाही. वहीच्या पानांचे फोटो वेगळे जपून ठेवा.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालू आहे, भारतात बीएनएचएस आणि वेटलँड्स इंटरनॅशनल तिचं काम बघतात. तुमचं तळं त्यात नसेल तर राज्याच्या समन्वयकांना कळवून जोडून घ्या. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, तो शाळेच्या मुलांना घेऊन करण्यासारखा आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडलेला. त्या आठवड्यात ग्रामपंचायत आणि शाळा ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत असतात. तक्ता भिंतीवर लावा, गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा शेजारी शेजारी.

आणि ज्या होडीवाल्याने, गुराख्याने, गाळपेर करणाऱ्या बाईने तुम्हाला "ती मोठी बदकं परवा रात्री आली" असं सांगितलं, त्यांना तो तक्ता आधी दाखवा. कुंभारगावच्या काठावर मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा एका आजोबांनी बोट ठेवून माझी एक चूक काढली. पट्टकादंब त्या वर्षी मी लिहिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधीच पलीकडच्या काठाला उतरले होते. रात्री जाळं टाकताना त्यांनी त्यांचा आवाज ऐकला होता. ती तारीख आता माझ्या वहीत आहे, "ऐकीव" असा शेरा मारून, वेगळ्या रकान्यात.

पुढच्या हंगामासाठी तक्ता जुलैतच छापून घ्या. करडा धोबी आपल्यासाठी थांबत नाही.